पांढरी पावडर म्हणजे नेमकं काय? शाडू, पीओपी, चिनी माती, शंखजिरे, रांगोळी...

ओलीमाती

नमस्कार मंडळी,

दरवर्षी आषाढ संपत आला की मी आमच्या सोसायटीत मुलांसाठी गणपती करायची कार्यशाळा घेते. यंदा नेहमीची माती वेळेवर मिळाली नाही, म्हणून दुसऱ्या एका दुकानातून २५ किलोची पिशवी आणली. पिशवीवर ठळक अक्षरात 'शाडू माती'. संध्याकाळी थोडी भिजवून मळून ठेवली. सकाळी पाहिलं तर गोळा टणक. ओल्या फडक्यात गुंडाळलेला, म्हणजे वाळण्याचा प्रश्नच नव्हता. पाण्यात टाकला, तरी फुटेना.

दुकानदार म्हणाला, "थोडी पावडर घालतातच ताई, म्हणजे तडा जात नाही." कुठली पावडर, हे मात्र त्याला सांगता आलं नाही.

मला याचा मनस्ताप झाला तो पैशांमुळे नाही. आपण मुलांना सांगतो की ही माती पुन्हा मातीत जाते, आणि त्यांच्या हातात भलतंच काहीतरी देतो. हार्डवेअर, पूजासाहित्य, रंग, स्टेशनरी, शेतीचं दुकान, कुठेही जा. शाडू, पीओपी (प्लॅस्टर ऑफ पॅरिस), चिनी माती, शंखजिरे (टाल्क), व्हायटिंग (खडूची पूड), मार्बल पावडर, रांगोळी, कळीचा चुना सगळं पांढरंच. कुणी यात काम करणारं असेल तर सांगा ना, हे एकमेकांपासून वेगळं कसं ओळखायचं? आणि कशात काय मिसळलं तर चालतं, कशात मुळीच नाही?

रानवारा

माझाही हाच प्रश्न आहे. वाचतोय.

भट्टीकर

ओलीमाती ताई, तुमच्या पिशवीत पीओपी होतं. ओल्या फडक्यात गोळा टणक झाला, यावरूनच ते कळतं. जरा सविस्तर लिहितो, कारण आमच्या धंद्यात या गोंधळापायी भट्टीच्या भट्ट्या वाया गेलेल्या पाहिल्या आहेत.

आधी रंग बाजूला ठेवा. पांढरा रंग काहीच सांगत नाही. पाणी घातल्यावर पदार्थ काय करतो ते बघा.

माती म्हणजे अतिशय बारीक, चपट्या कणांचा ढीग, पत्त्यांच्या कॅटासारखा. पत्त्यांच्या मधे पाणी शिरलं की ते एकमेकांवरून सरकतात आणि तुम्ही जिथे सोडाल तिथे थांबतात. आकार देता येतो तो यामुळेच. शाडू, चिनी माती, बॉल क्ले, मुलतानी आणि बेंटोनाइट ही सगळी भावंडं. वाळली की कडक होतात, भिजवली की परत मऊ. भट्टीत साधारण ६०० अंशांच्या पुढे नेईपर्यंत हे कितीही वेळा करता येतं.

मार्बल पावडर, व्हायटिंग, डोलोमाइट, गारगोटीची पूड, फेल्स्पार ही दगडाची भुकटी. कितीही बारीक दळा, तिला चिवटपणा येत नाही. ओली करून वळी करायला गेलात की तुटते.

पीओपी तिसरंच. जिप्सम नावाच्या खनिजात पाणी बांधलेलं असतं. ते साधारण १५० अंशांवर भाजलं की तीन चतुर्थांश पाणी उडून जातं, उरतं ते पीओपी. त्यात पाणी घातलं की ते पाणी परत ओढून घेतं, गरम होतं आणि पुन्हा जिप्सम बनतं. म्हणजे पीओपी 'वाळत' नाही, 'धरतं'. हवाबंद डब्यात, अगदी पाण्याखालीसुद्धा धरेल.

यावरूनच तुमची चाचणी तयार होते. कुठलीही नवी पिशवी आणली की मूठभर पावडर घ्या, घट्ट कणकेइतकी भिजवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून गाठ मारा आणि रात्रभर ठेवा. सकाळी गोळा दाबून बघा. निव्वळ माती असेल तर रात्रीइतकीच मऊ, उलट जरा जास्त लोण्यासारखी लागेल. पीओपी असेल तर कडक, नाहीतर बाहेरून मऊ आणि आत खडे.

एक पळवाट आहे, तीही सांगतो. साच्यांचे जुने तुकडे दळून मिसळले असतील तर ते आधीच 'मेलेलं' प्लॅस्टर असतं, ते परत धरत नाही. अशी माती रात्रीच्या चाचणीत पास होईल. त्यासाठी दुसरी चाचणी. लिंबाएवढा गोळा करून कडकडीत वाळवा, अगदी मधोमधपर्यंत, आणि पाण्याच्या ग्लासात हळूच सोडा, हलवू नका. चांगली माती बुडबुडे सोडत पापुद्रे टाकत ढासळते. तळाशी नुसता गाळ उरला पाहिजे. बोटांत कचकचणारे पांढरे कण किंवा अख्खे तुकडे राहिले, तर भेसळ आहे.

गोळा वाळवणं महत्त्वाचं. अर्धवट ओली माती पाण्यात टाकली तर दोन दोन दिवस तशीच बसते. सुकलेल्या मातीत पाणी झपाट्याने शिरतं, म्हणून ती लगेच फुटते.

ओलीमाती

भट्टीकर दादा, मनापासून आभार. मूर्ती विसर्जनाआधी पूर्ण वाळलेली असावी असं आमचे गुरुजी का सांगायचे ते आज कळलं. लिंबू किंवा व्हिनेगर टाकून ओळखता येतं असंही ऐकलं आहे. ते खरं का?

रसायनशाळा

खरं आहे, पण त्यातून अर्धीच गोष्ट कळते. व्हिनेगरच्या थेंबाने फेस आला तर त्यात चुनखडीच्या जातीचं काहीतरी आहे. मार्बल पावडर आणि व्हायटिंग लगेच फसफसतात. डोलोमाइट गार व्हिनेगरमध्ये फारसं हलत नाही, कोमट केलं तर हळूहळू बुडबुडे येतात. चिनी माती, शंखजिरे, पीओपी आणि गारगोटी काहीच करत नाहीत. म्हणजे पीओपीची भेसळ व्हिनेगरने पकडता येणार नाही, त्याला रात्रभराची पिशवीच हवी. आणि नैसर्गिक मातीत थोडी चुनखडी असू शकते, म्हणून थोडा फेस आला तर लगेच दुकानदाराशी भांडू नका. संडास साफ करायचं ॲसिड घेऊन घरी हा प्रयोग कृपया कुणी करू नका.

शंखजिरे मात्र बोटांनीच कळतं. चिमटीत धरलं की निसटतं, कारण ते काठिण्याच्या मोजपट्टीवरचं सर्वांत मऊ खनिज आहे, आकडा १. पाण्यावर टाकलं तर पटकन भिजत नाही, वर तरंगत राहतं.

आता पीओपी पाण्यात 'विरघळत नाही' असं जे म्हणतात त्याबद्दल. ते विरघळतं, पण किती? एका लिटर पाण्यात साधारण २ ते अडीच ग्रॅम जिप्सम. दोन किलोची घरगुती मूर्ती घ्या. ती पूर्ण विरघळायला ८०० ते १००० लिटर ताजं पाणी लागेल. घरच्या बादलीत १५ लिटर असतं. तेवढ्या पाण्यात ३०-३५ ग्रॅम गेलं की पाणी तृप्त झालं, मूर्ती महिनाभर तशीच. तलावात पाणी भरपूर असतं, पण मूर्ती गाळात रुतते, वर रंगाचा थर असतो, पाणी वाहत नाही.

यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय काढला. बेकरीत वापरतात तेच. मूर्तीच्या वजनाइतकीच पावडर पाण्यात घालायची, मूर्ती त्यात बुडवायची, अधूनमधून ढवळायचं. दोन दिवसांत खाली चुनखडीचा गाळ बसतो आणि वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उरतं, म्हणजे खत. पातळ करून झाडांना घालता येतं. पुणे महापालिकेने ही पावडर लोकांना वाटलीही होती. अमोनियाचा वास येतो, तेव्हा बादली उघड्यावर ठेवा. पण रंगात काय होतं ते या रासायनिक क्रियेने नाहीसं होत नाही, हे लक्षात ठेवा.

पेणचा_पाहुणा

माझी सासुरवाडी पेणजवळची, मेहुण्यांचा कारखाना आहे. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात घराघरांत वर्षभर हेच काम चालतं. त्या बाजूनेही थोडं मांडतो. धाग्यात शाडू चांगला आणि पीओपी वाईट एवढंच यायला नको.

शाडू येतो भावनगरकडून, गोणीतून. भिजवायचा, मळायचा, कागदाचा लगदा किंवा कापूस घालून कुटायचा. साच्यात बोटांनी दाबून बसवायचा, दोन्ही अर्धे जुळवायचे, सांध्यावर पातळ केलेली माती लावायची. मग खरी कसोटी असते ती वाळवण्याची. भर पावसाळ्यात सावलीत वाळवायचं. एका बाजूने वारा लागला तर हात किंवा सोंड तडकते. तडा गेला की बुजवायचा, परत थांबायचं. हमरापूरच्या रस्त्याने पावसात जा, घराच्या पडवीत, माळ्यावर, खाटेखाली, जिथे जागा मिळेल तिथे कच्चे गणपती मांडलेले दिसतील.

पीओपीत सकाळी साचा भरला की अर्ध्या तासात मूर्ती बाहेर. आतून पोकळ, वजनाला हलकी, ट्रकमध्ये गवतात घालून सोलापूरला पाठवली तरी शाबूत पोहोचते. धरताना ते किंचित फुगतं, त्यामुळे साच्यातली बारीक नक्षीसुद्धा उठते. शाडूचं उलटं, तो वाळताना आकसतो. कमी माणसांत जास्त काम आणि कमी तुटफूट, म्हणून लोक तिकडे वळले. लोभापोटी नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची १२ मे २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात पीओपीला मनाई. मग जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती काटेकोर पाळायला सांगितली. जून २०२५ मध्ये मूर्ती घडवायला परवानगी मिळाली, नैसर्गिक पाण्यात विसर्जन मात्र नाही. जुलैत ६ फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच, असं ठरलं. कोर्टाचा हेतू चांगला आहे, पण पुढच्या गणपतीची कामं आदल्या वर्षीच सुरू झालेली असतात. माल अर्धा तयार असताना नियम बदलला तर कर्ज काढलेल्या माणसाने काय करायचं? गिऱ्हाईक हजार रुपयांची पीओपीची मूर्ती बघून शाडूच्या मूर्तीला 'एवढे कसे?' म्हणतं, तेव्हा फार वाईट वाटतं. शाडू हवा असेल तर त्याचे पैसे द्या, आणि जानेवारीतच सांगा.

भट्टीकर

पेणचा_पाहुणा, अगदी पटलं. तुम्ही म्हणता तो 'फुगणं आणि आकसणं' हा फरक खूप मोठा आहे. शाडूत पीओपी मिसळण्याचं कारणही तेच, तडे कमी जातात. पण मिसळल्यावर ती माती पुन्हा वापरता येत नाही. पुण्यात विसर्जनानंतरची शाडू गोळा करून मूर्तिकारांना परत देण्याची मोहीम चालते. त्या ढिगात पीओपीच्या पाच मूर्ती मिसळल्या तर सगळाच ढीग बिघडतो. आम्हा भांडी करणाऱ्यांच्या मातीत तर प्लॅस्टरचा नखाएवढा तुकडा गेला तरी चालत नाही. भट्टीत तो चुन्यासारखा होतो, बाहेर आल्यावर हवेतली दमट वाफ पितो, फुगतो आणि आठवड्याने भांड्याचा टवका उडवतो. बनवणारा घरी, वापरणारा हैराण.

म्हणून ताई, मिसळण्याबद्दलच्या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: मातीत कागदाचा लगदा, कापूस किंवा बारीक वाळू चालेल. पीओपी आणि सिमेंट कधीच नाही.

दगडधोंडे

भूशास्त्र शिकवतो, म्हणून राहवत नाही. एवढ्या मोठ्या महाराष्ट्राला शाडू भावनगरहून का आणावा लागतो, हा प्रश्न कुणीच विचारला नाही.

आपला बहुतेक प्रदेश काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. त्यात लोह भरपूर. तो कुजला की पावसाच्या मानाने काळी माती होते, नाहीतर कोकणात तांबडा जांभा. दोन्हींत रंग लोहाचा. पांढरी चिनी माती व्हायला फेल्स्पारने भरलेला, लोह कमी असलेला ग्रॅनाइटसारखा खडक लागतो. असे जुने खडक आपल्याकडे दक्षिण कोकणात आणि पूर्व विदर्भात डोकावतात. सिंधुदुर्गात कासार्डेची सिलिका वाळू मिळते तीही बेसॉल्टच्या मुलखाबाहेरच. बाकी ठिकाणी पांढरं काही मिळालं तर ते खडकातल्या पोकळ्यांत, नाहीतर चुनखडीच्या रूपात.

देशाच्या नकाशावर बघा. उत्तम चिनी माती केरळात तिरुवनंतपुरमच्या आसपास, शिवाय राजस्थान, गुजरात आणि झारखंडमध्ये. जिप्सम जवळपास सगळं राजस्थानचं. शंखजिऱ्यातही राजस्थान पुढे, उदयपूरची बाजू. बेंटोनाइट कच्छचा. आपण मुंबई-पुण्यात बसून जी पांढरी पावडर विकत घेतो तिची वाट बहुतेक वेळा वायव्येकडूनच येते.

कॉर्नवॉलकर

दगडधोंडे सर, मी नोकरीनिमित्त इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ असतो आणि तुम्ही सांगितलेली गोष्ट रोज बघतो. इथलं ग्रॅनाइट मुळापर्यंत कुजून चिनी माती झालं आहे. चीनच्या जिंगदेझेनजवळच्या गाओलिंग टेकडीवरून चिनी मातीचं 'केओलिन' हे नाव आलं, हे अनेकांना माहीत असेल. युरोपात पोर्सेलीनचं, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांचं कोडं पहिल्यांदा जर्मनीत ड्रेस्डेनला १७०८ च्या सुमारास सुटलं. इथे विल्यम कुकवर्दी नावाच्या औषधविक्याने १७४० च्या दशकात कॉर्नवॉलमध्ये ही माती ओळखली आणि १७६८ मध्ये पेटंट घेतलं.

जुन्या पद्धतीत खाणीत कुदळ दिसायची नाही. पाण्याचा जोरदार फवारा उभ्या कड्यावर मारायचे, माती दुधासारखी वाहत खाली यायची, वाळू आणि अभ्रक आधी खाली बसायचे आणि माती शेवटी. एक टन मातीमागे साधारण नऊ टन टाकाऊ माल निघतो. सेंट ऑस्टेलभोवती त्याचे पांढरे डोंगर उभे आहेत. एका सोडून दिलेल्या खाणीत २००१ पासून ईडन प्रोजेक्ट नावाची प्रचंड घुमटाकार हरितगृहं आहेत, तिथे उष्ण कटिबंधातली झाडं वाढवली आहेत. हे सगळं चहाच्या कपासाठी झालं असं वाटेल, पण इथली बरीचशी माती कागदाच्या कारखान्यांकडे जात आली. गुळगुळीत, चकचकीत मासिकाच्या पानावर जो लेप असतो तो बहुधा चिनी मातीचा किंवा चुनखडीचा.

फौंड्रीवाला

कोल्हापूरकडून मीही थोडं सांगतो. आमच्याकडे पांढऱ्याचं काळं होतं. ओतकामाचा साचा वाळूचा. सिलिका वाळू, बेंटोनाइट, कोळशाची पूड आणि थोडं पाणी, बस्स. वाळूला धरून ठेवायचं काम बेंटोनाइटचं. ते पाणी पिऊन फुगतं आणि वाळूच्या कणाकणाभोवती लेप धरतं. मूठभर वाळू दाबून उघडली की मुठीचा ठसा शाबूत राहिला पाहिजे आणि मोडली तर कड धारदार यायला हवी. जुने मोल्डर प्रयोगशाळेचा आकडा यायच्या आधी एवढ्यावरून सांगतात.

१४०० अंशांचं लोखंड ओतलं की त्याला लागून असलेली माती मरते. भट्टीकरांनी ६०० अंश लिहिले आहेत तीच गोष्ट. मेलेल्या मातीला परत चिवटपणा येत नाही, म्हणून प्रत्येक फेरीत ताजं बेंटोनाइट घालावं लागतं आणि तेवढी जुनी वाळू बाहेर काढावी लागते. शिरोली, गोकुळ शिरगावच्या मागे त्या वाळूचे ढीग पडतात ते असे.

डाळिंबबाग

शेतीच्या दुकानातल्या पांढऱ्या पावडरीबद्दल ताईंनी विचारलं आहे. ती केओलिन, म्हणजे तुमची चिनी मातीच. डाळिंबाच्या फळांवर मार्च ते मे उन्हाचे चट्टे पडतात, साल करपते, मग ते फळ बाजारात चालत नाही. लिटरला साधारण ५० ग्रॅम केओलिन कालवून फवारलं की फळ-पान पांढरं होतं आणि ऊन परतवतं. अवर्षणात पिकाच्या पानांतून पाणी उडू नये म्हणूनही विद्यापीठं हीच फवारणी सुचवतात, तिथे प्रमाण ७-८ टक्क्यांपर्यंत जातं.

दोनच गोष्टी सांभाळा. टाकीतलं सतत ढवळा, नाहीतर माती तळाला बसते आणि नोझल तुंबतो. आणि शेतीसाठीचं बारीक केओलिनच घ्या. आमच्या भागात एकाने स्वस्त पडते म्हणून रंगाच्या दुकानातली 'चिनी माती' आणली, ती व्हायटिंग निघाली. चुनखडीमुळे बाकीच्या औषधाशी जमलं नाही आणि फवारणी फुकट गेली. तेव्हा दुकान कुठलंही असो, ओलीमाती ताईंचा प्रश्न आम्हालाही लागू आहे.

रंगवल्ली

रांगोळीबद्दल लिहू का? तीस वर्षं रोज दारात काढते आहे.

माझी आजी शिरगोळ्याची रांगोळी करायची. डोंगरउतारावर, नांगरटीत पांढरे खडे सापडतात, ते भाजून कुटायचे आणि वस्त्रगाळ नाही पण बारीक चाळायचे. बाजारातल्या रांगोळीपेक्षा ती जड आणि जरा खरखरीत असायची, चिमटीतून सलग सुटायची. आता मिळते ती बहुतेक डोलोमाइट नाहीतर मार्बलची पूड. चांगली रांगोळी ओळखायची तर ती फार बारीक नको. पिठासारखी असेल तर चिमटीत गोळा होते, रेघ तुटक येते आणि उडते. रव्याच्या अलीकडची हवी. पुष्कळ जणी गालिचासाठी खाली बारीक आणि रेघेला जाड, अशा दोन वेगळ्या ठेवतात.

गोव्यात, दक्षिणेत तांदळाच्या पिठाची काढतात, ती मुंग्या-चिमण्यांना खाऊही होते. दगडाची रांगोळी आणि पीठ यात गल्लत करून मुलांना 'पक्ष्यांसाठी' म्हणून दगडाची पूड टाकायला लावणारे मी पाहिले आहेत, म्हणून मुद्दाम लिहिलं. वारली चित्रांतला पांढराही मुळात तांदळाच्या पिठाचाच.

चित्रावळ

रंगवल्ली ताईंच्या प्रतिसादाला जोडून. चित्राखालचं अस्तर हाही पांढऱ्या पुडीचाच विषय. सावंतवाडीच्या गंजिफांना (हाताने रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांना) चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांचा लेप देतात, वाळला की घोटतात, मग त्यावर रंग. ओडिशाच्या पटचित्राचं कापडही चिंचोक्याच्या खळीत खडू कालवूनच तयार होतं. कोलकात्याच्या कुमारटुलीत दुर्गेच्या मूर्तीला रंगाआधी खडीमातीचा हात देतात, तिथेही चिंचोकाच. कोकणापासून बंगालपर्यंत ही एकच जोडी टिकून आहे, आणि ती पाण्याने सुटते. शाडूच्या मूर्तीला ऑइल प्राइमर लावणाऱ्यांनी एकदा ही खळ करून बघावी. चिंचोके भाजून, साल काढून रात्रभर भिजवा, वाटा, मंद आचेवर शिजवा, गाळा. गरम असतानाच व्हायटिंग मिसळा. दोन पातळ हात, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा.

ओलीमाती

चित्रावळ, हे यंदा नक्की करणार! एक विचारते. वर्गातला फळ्यावरचा खडू कुटून घातला तर चालेल का?

रसायनशाळा

नको. आपल्याकडे फळ्याचे पांढरे खडू पुष्कळदा पीओपी साच्यात ओतून केलेले असतात, म्हणजे ते जिप्सम. कमी धूळ म्हणून विकले जाणारे जड खडू चुनखडीचे असतात. व्हिनेगरचा थेंब टाकून बघा, तिथे ही चाचणी उत्तम चालते. रंगाच्या दुकानातून व्हायटिंग घेणं सोपं पडेल.

आणि मुलांना पीओपीचे ठसे करायला देणार असाल तर एक गोष्ट कधीही करू नका: घट्ट पीओपीत हात बुडवून ठसा घेणं. धरताना ते ६० अंशांच्या आसपास तापू शकतं आणि हात आत अडकलेला असतो. भाजून बोटं गमावण्याचे प्रकार परदेशातल्या शाळांत झाले आहेत.

गावठाणचा_डॉक्टर

धागा वेगळ्या वाटेला नेतो त्याबद्दल राग नसावा. माझ्याकडे येणाऱ्या बायकांत खडू, पाटीवरची पेन्सिल किंवा भिंतीची माती खाणाऱ्या नेहमी असतात, गरोदरपणात जास्त. लाजेने सांगत नाहीत. घरचे 'सवय आहे' म्हणतात. ही पुष्कळदा रक्तातलं लोह कमी झाल्याची खूण असते, आणि काही माती पोटात लोह शोषू देत नाही म्हणजे त्रास आणखी वाढतो. रागावू नका, हिमोग्लोबिन तपासा. हल्ली 'खाण्याची माती' म्हणून पाकिटं ऑनलाइन विकली जातात, त्यात शिसं किती आहे हे कुणी तपासत नाही. ती घेऊ नका.

गढीवरचा

मराठवाड्यातून एक. आमच्याकडे धाब्याच्या घरावर पांढरी माती टाकतात. उन्हाळ्याच्या शेवटी वर थर द्यायचा, पावसात ती चिकट होऊन भेगा बुजवते आणि पाणी गळत नाही. ही माती कुठून आणतात? गावाच्या जुन्या पांढरीच्या टेकाडातून, गढीच्या उतारावरून. ती नुसती माती नसते. शेकडो वर्षांच्या वस्तीची राख, पडक्या भिंती, हाडं, खापरं यांचा तो थर. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरसारख्या ठिकाणी सातवाहनकाळाचे अवशेष अशाच टेकाडांत मिळाले. गाडीभर माती उपसली की त्याबरोबर मणी आणि नाणीही जातात. शेतात खत म्हणूनही उपसतात. कुणाला दोष देत नाही, गळकं छत थांबायला तयार नसतं. पण टेकाड खणताना खापर दिसलं तर तिथे थांबा, पलीकडून खणा, आणि पुरातत्त्व विभागाला कळवा.

दगडधोंडे

गढीवरचा, फार मोलाचं लिहिलंत.

भट्टीकर

सगळ्यांचं वाचलं, एक राहिलं आहे आणि ते मला सगळ्यांत जवळचं आहे: धूळ.

गारगोटीची पूड, म्हणजे क्वार्ट्‌झ, काच-सिरॅमिकला लागतेच. आमच्या झिलईत ती असते, शाडू-चिनी मातीतही थोडी असते. तिची डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. तिथे व्रण होतात, श्वास कमी कमी होत जातो. सिलिकोसिस. याला उलटवणारं औषध नाही.

गोध्र्याजवळच्या गारगोटी दळणाऱ्या कारखान्यांत मध्य प्रदेशातल्या अलीराजपूर, झाबुआ, धार इथले आदिवासी मजूर जायचे. वर्ष-दोन वर्षं काम करून गावी परतायचे आणि तरुण वयात मरायचे. मानवी हक्क आयोगाने २०१० मध्ये भरपाईची शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यायचा आदेश गुजरात सरकारला दिला. २३८ माणसं, पांढऱ्या पुडीसाठी. मंदसोरला पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्या कामगारांचंही तेच झालं होतं. आपण सगळे त्या पेन्सिलीने ग म भ न शिकलो.

म्हणून पावडर स्वस्त मिळाली की मला आनंद होत नाही. ती कुणी, कुठल्या शेडमध्ये, तोंडाला काय बांधून दळली, हा विचार येतो. पिशवीवर खनिजाचं नाव, दळणाऱ्या कारखान्याचा पत्ता आणि सिलिकाचं प्रमाण छापायला लावलं पाहिजे. ओलीमाती ताईंची भेसळ त्यातूनच पकडली जाईल आणि त्या मजुरालाही कुठे दाद मागायची ते कळेल.

रंगवल्ली

हे वाचून हात थांबले. आमच्या मंडळात दिवाळीआधी बायका-मुलं मिळून पोतंभर रांगोळीत रंग कालवतात, बंद खोलीत. मी काय सांगू त्यांना?

भट्टीकर

ताई, हे सांगा. काम अंगणात किंवा गच्चीवर, वाऱ्याकडे पाठ करून. रंग कोरडा न कालवता थोड्या पाण्यात विरघळवून रांगोळी त्यात ओली करा आणि मग पसरून वाळवा, धूळ जवळजवळ उठतच नाही. चाळणं मोठ्यांनीच करावं, एन-९५ मास्क लावून. साध्या फडक्याने किंवा ओढणीने ही धूळ अडत नाही. शेवटी झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. फडकं नळाखाली न धुता बादलीत धुवा, रात्रभर ठेवा, वरचं पाणी झाडांना आणि तळाचा गाळ कुंडीत. मोरीत गेला तर पाइप तुंबतो. आणि कपडे अंगणातसुद्धा झटकायचे नाहीत, थेट भिजत घालायचे.

दगड कुठला आहे ते दुकानदाराला विचारा. सांगता आलं नाही तर निदान पुढच्या वेळी त्याला पोत्यावरचं वाचायची सवय लागेल.